बेटाला फुलोरा

घरामागच्या बांबूच्या बेटाला फुलोरा आला, तेव्हा भागाबाई आधी त्या फुलोऱ्यावरच चिडली. तिचा नवरा जंगलू यानं लग्नाच्या साली बोरच्या जंगलातून कंद आणून ते बेट लावलेलं. जंगलू गेला, बेट राहिलं. नवऱ्याशी जेवढी बोलली नसेल तेवढी ती त्या बेटाशी बोलायची. एवढ्या वर्षांत त्यानं एक फूल दाखवलं नव्हतं, आणि आता पानं झडून काडीकाडीला वाळल्या गवतासारखे गोंडे लोंबत होते. बांबू जन्मात एकदाच फुलतो आणि फुलला की मरतो, हे जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना कुणी सांगावं लागत नाही.

"मी नाई मरू देत तुले," असं बेटाला बजावून तिनं कुऱ्हाड काढली. फुलंच ठेवली नाहीत तर मरेल कशानं, असा तिचा सरळ हिशोब. भागाबाईनं एकदा मनात घेतलं की ती देवाचंही ऐकत नसे. आधी उगवतीकडचे सगळे बांबू तिनं गुडघ्याएवढे ठेवून तोडले.

काही दिवसांनी त्या खुंटांना धुमारे फुटले. ती हरखली. वाकून बघते तर बोटभर धुमाऱ्यांनाही पान नव्हतं, नुसता फुलोरा.

मग तिला लेकीचं बेट आठवलं. लेक सासरी निघाली की घरच्या बेटाचा एक कंद तिच्यासोबत द्यायचा, ही या घरची रीत. छायाचा कंद नालवाडीला चांगला फोफावला होता. त्यातलाच तुकडा आणून लावू, म्हणून भागाबाई एसटीत बसली.

"माय, मी तुले फोनच करणार होती," छाया दारातच म्हणाली. "आमच्या बेटाले काय झालं, पाह्य बरं."

न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं ते बेट फुलोऱ्यानं वाकलं होतं. माती वेगळी, पाणी वेगळं, मधे एवढी गावं. कुणी कुणाला निरोप धाडला नव्हता, तरी दोघांनी एकच वेळ धरली होती. भागाबाईनं नकळत हात जोडले.

"पण पानं काऊन झडून राह्यले?" छायानं विचारलं.

"आजवर खाल्लं-पेलं ते सारं बियायले देऊन राह्यलं, बाई. सोतासाठी काईच ठेवत नाई."

बोलता बोलता ती थांबली आणि तिथंच ओट्यावर बसली.

"अन् मी त्याचं बीच तोडलं," ती म्हणाली.

बेटाचं मरण तिला टाळता येणार नव्हतंच. तिनं फक्त त्याची लेकरं कमी केली होती. घरी परतल्यावर तिनं कुऱ्हाड माळ्यावर टाकली आणि शेळ्या शिरू नयेत म्हणून बेटाला काट्यांचं कुंपण घातलं.

उन्हाळ्यात बी गळलं आणि बेट उभ्या उभ्या वाळलं. पोळ्याला छाया माहेरी आली, तेव्हा मावळतीकडे वाळल्या बांबूंखाली पेरलेल्या गव्हासारखं हिरवंगार उगवलं होतं, पाऊल ठेवायला जागा नाही इतकं दाट. उगवतीकडे खुंटांभोवतीची जमीन मात्र उघडीच होती. भागाबाई तिथं बसली होती.

"इकडे येऊन बस," ती लेकीला म्हणाली. "तिकडे पाय नोको ठेवजो. लेकरं हायेत."