कवायत जपायची कुठे?

अपांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, फोनचा पडदा लुकलुकायला लागला आणि माझा जीव टांगणीला लागला. चार्जिंगची पिन खिळखिळी, बॅटरी फुगलेली, आणि त्याच फोनात आईचा आवाज. इथे तैवानमध्ये, आमच्या चियायी शहरातल्या उद्यानात रोज सकाळी म्हाताऱ्यांची कवायत आईच घ्यायची. एकदा अपांनी ती अख्खी रेकॉर्ड केली होती. आई गेल्यापासून अपा उद्यानाकडे फिरकले नव्हते, आणि ते रेकॉर्डिंग मलाही ऐकू देत नव्हते.

"क्लाउडवर चढवते," मी म्हटलं.

क्लाउड तुडुंब. कशानं, तर कमळं, सूर्योदय, गुबगुबीत बाळं, आणि सगळ्यांवर 'सुप्रभात'. उद्यानाच्या ग्रुपवर म्हातारे पहाटेपासून एकमेकांना हेच पाठवत बसतात.

"हा कचरा आधी पुसते."

"खबरदार. लोकांनी प्रेमानं पाठवलंय."

"मग लॅपटॉपवर घेते." केबल लावली, तर पिन हलली की सगळं पहिल्यापासून. मेमरी कार्ड घालावं, तर या फोनला खाचच नाही. माझं डोकं असं तापलं की विचारू नका.

"आण इकडे." अपांनी फोन ओढून घेतला, काहीतरी दाबलं आणि फोन विझला तो विझलाच.

"काय केलंत?"

"ग्रुपवर टाकलं. एवढी माणसं आहेत. एकाचा फोन बिघडला तर दुसऱ्याचा राहील."

मी कपाळावर हात मारला. "अपा, तिथे फाइल थोडेच दिवस टिकते. कुणी उतरवून घेतली नाही तर संपलं. आणि कमळं पाठवण्यापलीकडे त्यांना येतं काय?"

अपांचा चेहरा पडला. मी त्या ग्रुपवर नव्हते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना ओढत उद्यानात नेलं. कुणाच्या तरी फोनमधून काढून घ्यायचीच, म्हटलं.

फाटकातच पाय थबकले. किमचू मावशीच्या स्पीकरवरून आई ओरडत होती, "हात वर. आणखी वर. आळशीपणा नको." आणि सगळे म्हातारे मुकाट्यानं हात वर करत होते.

"सगळ्यांनी उतरवून घेतलंय गं," मावशी हात न थांबवता म्हणाली. "तुझी आई, आमची बीगिओक बोलतेय म्हटल्यावर कोण सोडेल?"

मला आनंदानं रडूच फुटलं. तेवढ्यात स्पीकरमधून आई अपांवर करवादली, "आकी, फोन धरून काय उभा राहिलायस? ठेव तो आणि रांगेत ये."

अपांनी विझलेला फोन माझ्या हातात दिला आणि मागच्या रांगेत जाऊन हात वर केले.