नमद्याच्या दूताचं अर्धं राहिलेलं बोलणं

नाटकातल्या दूताकडे तुम्ही कधी नीट पाहिलं आहे का, मित्रांनो? नसेलच पाहिलं. लोक राजाकडे पाहतात. मी असाच एक जुना दूत आहे, वीतभर उंचीचा, लोकर दाबून केलेल्या जाड नमद्यातून शिवलेला बाहुला. माझा एक डोळा दुसऱ्यापेक्षा थोडा वर बसला आहे, म्हणून मी सतत काहीतरी विचारतो आहे असं वाटतं. खरं तर माझा जन्म सांगण्यासाठी झाला.

दूर बर्फाळ डोंगरांत, नारिन नदीच्या वरच्या अंगाला एक गाव आहे. तिथल्या शाळेत दर हिवाळ्यात नववीच्या वर्गाला एक जुनं शोकांत नाटक शिकवतात. खानाच्या मुलीचा एका मेंढपाळावर जीव जडतो. खान त्याला बर्फाच्या खिंडीत धाडतो. मुलगी त्याच्या मागोमाग जाते आणि दोघंही परतत नाहीत. शेवटच्या अंकात दूत येतो, "खान, तुमची मुलगी मेली," एवढं म्हणतो आणि निघून जातो. त्यानंतर खान पानंच्या पानं बोलतो. दूत बर्फातून चालत आला, तो दमला असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही.

त्या वर्षी बुरमाकान एजे शिकवत होत्या. तिथं बाईंना एजेच म्हणतात. त्या म्हणाल्या, "पाठांतर करून पोपट होऊ नका. प्रत्येकानं एक पात्र घ्या. त्याची बाहुली करा आणि त्याचं बोलणं स्वतःच्या शब्दांत लिहा. पालकांसमोर करून दाखवायचंय."

केंजेगुल त्या दिवशी घरचं पाणी भरून वर्गात उशिरा पोचली.

"काय उरलंय?" तिनं विचारलं.

"दूत," मिर्झाबेक म्हणाला. खान त्यानं आधीच पटकावला होता. "एकच ओळ आहे. झेपेल ना तुला?"

वर्ग हसला. मित्रांनो, मी जन्माच्या आधीच असा उरलेला होतो.

पण केंजेगुलनं मला उरल्यासुरल्यासारखं शिवलं नाही. तिची आई नमद्याचे गालिचे करायची. त्यांच्या लाल कात्रणांतून माझा कोट झाला. काळ्या मेंढीच्या लोकरीतून मिशा झाल्या. डोक्यावर उंच पांढरी टोपी आली. आई म्हणाली, "टोपी अगदी तुझ्या बाबांसारखी घातलीयस याला." मग ती लोकर पिंजू लागली. केंजेगुलचे बाबा कित्येक हिवाळे रशियात इमारतींच्या कामावर होते. आठवडाभर त्यांचा फोन बंद लागत होता.

केंजेगुल माझ्या त्या एका ओळीपाशी मात्र अडली. ती एजेंना म्हणाली, "हा दूत आपल्याकडचा वाटत नाही. असं कोणी तोंडावर मारल्यासारखं सांगतं का?"

"मग तू शिकव त्याला," एजे म्हणाल्या.

आमच्याकडे मरणाचं नाव घेऊन बातमी देत नाहीत. गावातला एखादा जाणता माणूस येतो, बसतो, पाखराचं किंवा घोड्याचं काहीतरी बोलतो. ऐकणाऱ्याला हळूहळू कळतं. कळलं की तोच माणूस त्याला सावरणारे शब्द बोलतो. केंजेगुलनं माझं बोलणं तसंच लिहिलं, आधी बातमी आणि मग आधार.

एका दुपारी ती घरात एकटीच होती. तिनं मला हातात घातलं आणि म्हाताऱ्यासारखा घोगरा आवाज काढला. "मन घट्ट करा, घरच्यांनो. तुमचा घोडा खिंडीतून परत आलाय. खोगीर आहे, लगाम आहे. खोगिरावर बर्फ बसलाय..."

बाहेर काहीतरी धपकन पडलं. ती पाण्याची बादली होती. दाराशी आलेल्या आईनं घरात पुरुषाचा आवाज ऐकला होता आणि तो आवाज काय सांगतो आहे ते तिला कळलं होतं. ती आत आलीच नाही. तिथंच बर्फात बसून तिनं नवऱ्याचं नाव घेऊन शोकगीत धरलं.

आत केंजेगुलनं ते ऐकलं. तिला वाटलं, आईला बाहेर कोणीतरी बाबांची बातमी सांगितली! ती मला फेकून रडत बाहेर धावली. मुलगी रडत आली, म्हणजे आत सांगून झालं, असं आईला वाटलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

आमच्या गावात असा आवाज ऐकला की कोणी कारण विचारत नाही, रडत धावत येतं. बघता बघता अंगण भरलं. शेजारच्या उर्कियानं चहाच्या पाण्याचा सामोवार पेटवला. कोणीतरी दुखवट्याच्या जेवणासाठी मेंढी निवडायलाही गेलं.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "सांगितलं कोणी?"

"आत बसलाय तो माणूस," आई म्हणाली.

चारजण आत आले. आत मी होतो, उताणा, एक डोळा वर.

मग फोनाफोनी झाली. केंजेगुलच्या बाबांबरोबर भावकीतला एकजण कामाला होता, त्याला फोन लागला. त्यानं बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, "अरे, माझा फोन सिमेंटात पडला. हे मागं एवढं कोण रडतंय? कोण गेलं?"

रडणाऱ्यांनी डोळे पुसले.

"तू," उर्किया म्हणाली.

हसू फुटलं ते आवरेना. रडणारेच पोट धरून हसत होते. हसली नाही ती केंजेगुलची आई. तिनं मला उचललं, गोठ्यामागच्या खोपटात फेकलं आणि बाहेरून कडी लावली.

तिथं जुनी खोगिरं होती, पेंढा होता, उंदीर होते. मी रुसलो नाही. माझं काय चुकलं तेवढं समजत नव्हतं. रोज गोठ्यात आईची पावलं यायची, कडीपाशी थांबायची आणि परत जायची. मला वाटायचं, खोगिराची गोष्ट सांगून मी थांबलो, त्या बाईला आधार द्यायचा राहिला. बोलणं पोटात अर्धं ठेवून पडून राहणं फार एकटं असतं, मित्रांनो.

मग तो पालकांचा दिवस आला. पुढचं मला नंतर कळलं. खान झाला, खानाची मुलगी झाली, मेंढपाळ झाला. दूताची पाळी आली तेव्हा केंजेगुल हात मागे बांधून उभी होती.

"बाहुली कुठाय?" एजेंनी विचारलं.

"हरवली. मी नाही बोलणार, एजे."

"अगं, दूत आला नाही तर खान रडणार कसा?"

"कांदा द्या त्याला," केंजेगुल म्हणाली. घरी आई तिच्याशी कामापुरतंच बोलत होती. ते शब्द पुन्हा उच्चारले तर आई उरलंसुरलं बोलणंही टाकेल, अशी तिला भीती होती.

तेवढ्यात वर्गाचं दार उघडलं. आई आली. तिच्या शालीखाली मी होतो, पेंढा झटकलेला, मिशी नव्यानं टाचलेली. मला लेकीच्या हातात घालून ती पहिल्या बाकावर बसली.

"त्या दिवशी मी अर्धंच ऐकलं," ती म्हणाली. "त्याच्यापुढे काय होतं गं?"

केंजेगुलनं घोगरा आवाज काढला नाही. ती स्वतःच्याच आवाजात बोलली. "...खोगिरावर बर्फ बसलाय. पण चूल विझवू नका, घरच्यांनो. ज्याची वाट पाहिलीत, त्याला तुमचं वाट पाहणं ठाऊक होतं. तुम्ही एकट्यानं काढलेला एकही दिवस वाया गेलेला नाही. आता थोडं ओझं आमच्या खांद्यावर द्या."

खान रडायचं विसरला. केंजेगुलची आई रडत होती. नवरा जिवंत होता, पण इतक्या हिवाळ्यांत हे तिला कोणीच म्हटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर पालकांसाठी मांडलेल्या रोटीचा तुकडा मोडून तिनं माझ्या तोंडाला लावला. "चाख बाबा," ती म्हणाली. "लांबून आलायस." आणि एजेंकडे वळून म्हणाली, "याला घरी नाही नेणार. पण टाकूही नका."

त्याला आता फार वर्षं झाली. मी शाळेच्या कपाटात आहे. एजे निवृत्त झाल्या. खान, त्याची मुलगी, मेंढपाळ, सगळे कोणाकोणाच्या घरी गेले. दूताला कोण घरी नेणार? केंजेगुलही दूर शहरात आहे. माझ्या कोटाला कसर लागली आहे. हिवाळ्यात कपाट उघडतं, मुलं मला पाहतात, "हा मरणाची बातमी आणणारा" म्हणतात आणि दार लावून घेतात.

मित्रांनो, कधीतरी तुमच्याही दारात कोणी वाईट बातमी घेऊन येईल. त्याच्यावर रागावू नका, कानांवर हात ठेवून पळू नका. त्याला बसवा. त्याचं बोलणं पुरतं ऐका, कारण तुम्हाला सावरणारे शब्द त्याच्या बोलण्याच्या शेवटी असतात आणि तेवढ्यासाठीच तो सगळी वाट चालून आलेला असतो.