ओलीवर लावलेला कागद

जे झाकले जाते ते नाहीसे होत नाही. ते दृष्टीआड होते इतकेच, आणि दृष्टीआड झालेल्या गोष्टीची वाढ कोणी मोजीत नाही. मनुष्य लबाडीने जितके झाकतो त्याहून अधिक मायेने झाकतो. आणि मायेने झाकलेले उघडणे फार कठीण असते. बालमित्रांनो, हे मी ग्रंथांतून शिकलो नाही. झाकण्याचे काम मी स्वतः केले आहे. मी भिंतीचा एक जुना कागद. तुमच्या घरी मला वॉलपेपर म्हणत असतील.

लाकडाच्या लगद्यातून माझा जन्म झाला. छपाईच्या रुळांखालून जाताना माझ्या फिकट हिरव्या अंगावर बदकांच्या रांगा उमटल्या. अखेरीस मजवर एक पातळ, चकचकीत लेप चढला. त्यामुळे माझ्यावरचा डाग ओल्या फडक्याने पुसता येई. पाणी बाहेरून आत शिरत नसे. तसेच आतून बाहेरही पडू शकत नसे. या दुसऱ्या गोष्टीचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

दुकानात आम्हा सर्वांचे नमुने एका जाड वहीत चिकटवलेले असत. एका दुपारी सातवा महिना लागलेली एक स्त्री, तिचा नवरा आणि त्याची थोरली बहीण ती वही चाळत बसली होती.

"हे हत्ती नकोत बाई," स्त्री म्हणाली. "बाळ निजलं की खाली उतरतील असं वाटतं."

"मग हे मासे?" नवऱ्याने विचारले.

"अरे, पोराला झोपवायचंय की पोहायला शिकवायचंय?" बहीण म्हणाली.

पान उलटले आणि मी समोर आलो. स्त्रीने माझ्यावरून बोट फिरवले. "ही बदकं घेऊ या. कशी सावकाश चाललीत, कसली म्हणून घाई नाही."

दुकानदार म्हणाला, "पुसता येतो हा. फक्त भिंत ठणठणीत कोरडी हवी. ओल असली तर हा ती आत कोंडून ठेवतो, मग बुरशी धरते."

नवऱ्याने मान डोलावली. मान डोलावणे किती सोपे असते, मित्रांनो!

माझ्या गुंडाळ्या त्यांच्या घरातील उत्तरेकडच्या लहान खोलीत, कोपऱ्यात उभ्या राहिल्या. परंतु बाळाने वाट पाहिली नाही. दीड महिना आधीच ते जन्मले. रुग्णालयात काचेच्या पेटीत त्याला ठेवले होते आणि त्याची आई तिथेच होती. त्याची फुप्फुसे नाजूक आहेत, स्वच्छ हवेत ठेवा, आठवड्याभरात घरी न्या, असे डॉक्टरांनी सांगितले. हे मला कळले ते त्या पित्याच्या तोंडून; तो रिकाम्या खोलीत येरझारा घालीत फोनवर तेच ते सर्वांना सांगत असे.

कागद लावणारे मिस्त्री आले. वयस्कर, मितभाषी. त्यांनी बोटांच्या पेरांनी भिंत वाजवली, नाक जवळ नेऊन हुंगली.

"पलीकडं न्हाणीघर ना, साहेब?"

"हो."

"मला या भिंतीचा भरवसा वाटत नाही." त्यांनी तळहाताएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. "उद्यापर्यंत राहू दे. आतून दव धरलं, तर पंधरा दिवस थांबायचं. नळ बघायचा, भिंत सुकवायची, मग कागद."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री येण्यापूर्वी पिता त्या तुकड्यापाशी गेला. आतून दव धरले होते. मोहरीएवढे थेंब, एकाला एक लागून. तो पाहत उभा राहिला. इतक्यात फोन वाजला. पत्नीचा आवाज खोलवरून आल्यासारखा क्षीण होता.

"खोली झाली का हो? मला एकदा त्याला तिथं निजवायचंय. बाकी काही नको."

"होतेय," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने नखाने चिकटपट्टी उचकली. खिशातील रुमालाने प्लास्टिक पुसले, भिंत पुसली, आणि तो तुकडा होता तसा लावून ठेवला. हे पाहणारा मी एकटा होतो, आणि मला वाचा नव्हती.

"कोरडं?" मिस्त्रींनी येताच विचारले.

"कोरडं."

त्यांनी भिंतीवर पंजा टेकवला. "गार लागतेय."

"उत्तरेची खोली आहे. भिंत गारच असणार."

मिस्त्रींनी पंजा काढून घेतला. "बरं. तुमच्या शब्दावर लावतो."

त्यांनी ओळंब्याची दोरी सोडून सरळ उभी रेघ आखली, माझे पट्टे कापले, पाठीला खळ लावली आणि मधून कडांकडे ब्रश फिरवीत मला भिंतीवर बसवले. एका पट्ट्यावरचे अर्धे बदक दुसऱ्या पट्ट्यावरच्या अर्ध्याशी असे जुळले की सांधा दिसेना. भिंतीचा पहिला स्पर्श होताच मला हुडहुडी भरली.

बाळ घरी आले. मला पाहून आईचे डोळे भरून आले. येणारे-जाणारे माझी स्तुती करीत. "खोली कसली, बागच आहे," असे शेजारीण म्हणाली. त्या काळात माझी पाठ मात्र ओली होत होती. आधी नाण्याएवढा, मग ताटाएवढा भाग भिजला. त्या ओलीत काहीतरी मऊ, काळे वाढू लागले. चकचकीत लेपामुळे पुढून काहीच दिसत नव्हते. पाळणा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

तिसऱ्या आठवड्यात बाळ खोकू लागले. कोरडा, बारीक खोकला. दोन श्वास, मग खोकला, मग पुन्हा दोन श्वास. ते मोजण्याखेरीज मला काम उरले नाही.

पिता रोज कामावर जाण्यापूर्वी येऊन भिंतीवर हात फिरवी आणि कोणी पाहत नाही असे बघून पाळणा चार बोटे दूर सरकवी. उजेड चांगला येतो म्हणून आई तो परत जागेवर आणी.

"या पाळण्याला पाय फुटलेत का रे?" बहिणीने एकदा विचारले. "सकाळी इथं, दुपारी तिथं."

"फरशी गुळगुळीत आहे, ताई."

"फरशी आज गुळगुळीत झाली होय?"

तो हसला नाही.

मित्रांनो, धरून राहणे हा आमचा धर्म. सुटणाऱ्या कागदाला कोणी चांगला म्हणत नाही. मलाही माझ्या जुळलेल्या सांध्यांचा अभिमान होता. परंतु एका दुपारी बाळाचा खोकला थांबेना, त्याचे ओठ क्षणभर निळसर झाले, आणि पाळण्यामागचा माझा सांधा सुटला. मी सोडला की खळ कुजून तो सुटला, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही. त्या क्षणी माझी सुटण्याची इच्छा होती, एवढे निश्चित.

पिता तेव्हा खोलीतच होता. माझी कड वळून वर आलेली त्याने पाहिली. बाळाला खांद्यावर घेऊन थोपटले, श्वास सुरळीत झाल्यावर पाळण्यात ठेवले. आणि मग, मित्रांनो, त्याने कपाटातून डिंकाची बाटली काढली. मला पुन्हा चिकटवले. पंजाने दाबून धरले. माझी आशा संपली.

पाळण्यात पुन्हा खोकला आला.

त्याचा हात सैल पडला. त्याने माझी कड दोन बोटांत धरली आणि छतापासून फरशीपर्यंत मला ओढून काढले. मागची भिंत कोळशासारखी काळी होती. खोलीत कुबट वास पसरला.

आई दाराशी आली. तिने भिंत पाहिली, पतीकडे पाहिले, आणि आधी बाळाला उचलून बाहेर नेले. परत येऊन ती उंबऱ्यापाशी थांबली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "दव धरलं होतं. मी पुसलं."

"कशाला?"

"तू म्हणालीस, एकदा त्याला तिथं निजवायचंय."

"मला खोली नको होती हो. तो हवा होता." मग पदराने नाक पुसून म्हणाली, "डॉक्टरांकडे जाऊ या आत्ता. सगळं सांगा त्यांना. आणि मिस्त्रींनाही. तुमच्या शब्दावर त्यांनी काम केलं होतं."

त्याने दोघांनाही सांगितले. डॉक्टरांनी औषध दिले आणि त्या खोलीचे दार बंद ठेवायला सांगितले. मिस्त्रींनी काळी भिंत पाहून डोक्यावरची टोपी काढली.

"पंधरा दिवस तुमच्याकडं नव्हते, ते मला कळतं, साहेब," ते म्हणाले. "भिंतीला कुठून कळणार? माझंही चुकलंच. हात गार म्हणत होता, मी कानाचं ऐकलं."

फुटका नळ सापडला. भिंत खरवडली, धुतली. उघडी, कुरूप, ती तीन महिने वारा खात राहिली. खोकला हळूहळू उणावला. माझे बहुतेक पट्टे कचऱ्यात गेले, त्याचे मला दुःख नाही. भिंतीला न लावलेला एक तुकडा उरला होता. आईने तो बाळाच्या कपड्यांच्या खणात तळाशी अंथरला. तिथून मी बोलत आहे.

बालमित्रांनो, तुमच्याही घरी कोणी काही सुंदर करायला निघाले, तर आधी भिंतीला हात लावून पाहा, आणि हाताला जे कळेल ते सांगा. कोणाला वाईट वाटेल म्हणून दव पुसू नका.

आता खण उघडतो तेव्हा पलीकडच्या खोलीत निजलेल्या त्या लेकराचा श्वास मला ऐकू येतो. मी मोजायचे सोडून दिले आहे. तो श्वास असाच निर्वेध चालत राहो. ज्या पित्याने उशिरा का होईना खरे सांगितले, त्याला शांत झोप लाभो. त्या माउलीच्या मनाचे ओझे उतरो, आणि त्या वृद्ध मिस्त्रींच्या हाताला सदैव यश मिळो.