बतूलबाईंचा पांढरा

"पांढराच आणलाय, बाई! अगदी तुमच्या मनासारखा," असं म्हणत नुहैलाने खोक्याचं झाकण काढलं, आणि दिवाणावर बसलेल्या नणंदेच्या, लल्ला खनाताच्या, हातातली तस्बीहची माळ थांबली.

खोक्यात कफ्तान होता. दुधासारखं रेशीम, गळ्यापासून पायांपर्यंत सोनेरी पट्टी आणि तिच्यावर मिऱ्याएवढी विणलेली बटणं.

"अगं बाई, हा तर नवरीचा!" खनाता ओरडलीच.

"नवरीचा कसा? पांढरा आहे ना?" नुहैलाचा चेहरा उतरला. "आमचे टीव्हीवाले हिशामसाहेब म्हणाले, बाई इद्दतीत आहेत, रंग घालणार नाहीत, त्यांना पांढरा शिवून घ्या. आम्ही तर मान ठेवला त्यांचा."

"तुझ्या साहेबाच्या घरात कधी लग्न झालंय की नाही? माझा भाऊ जाऊन महिना होतोय, आणि हिला नवरी करून टीव्हीवर बसवता?"

बतूलबाई खोक्यातल्या सोनेरी पट्टीकडे बघत होत्या. त्यांच्या अंगावर साधा सुती पांढरा पायघोळ जेलाबा होता, डोक्याला पांढरा रुमाल, पायांत पांढरे मोजे. विधवेचे, इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांचे कपडे. स्वतःच शिवले होते त्यांनी.

सगळं आयुष्य त्यांनी कासाब्लांकाच्या एका शिवणशाळेत कापड बेतणं-कापणं शिकवलं होतं. बाह्यांना कायम खडू लागलेला असायचा. मग एकदा टीव्हीवरच्या कफ्तान स्पर्धेला परीक्षक आलाच नाही. तिथे कामाला असलेली नुहैला त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिने घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन केला. बाई होत्या त्या तपकिरी जेलाब्यात गेल्या आणि पहिल्याच मुलीला म्हणाल्या, "उलटा कर."

"काय?"

"कफ्तान गं. आतून बघू दे. बाहेरून सगळेच छान असतात."

त्या दिवसापासून बाई घराघरांत पोचल्या. ऑलिव्ह विकणारा म्हणायचा, "बाई, उलटं करून बघणार का?" टॅक्सीवाले भाडं विसरून गप्पा मारायचे. नवरा, अब्देलहक, मात्र आवाज बंद करून कार्यक्रम बघायचा. "आवाज काय, घरी आहेच," म्हणायचा. बाई स्टुडिओतून घरी आल्या की त्याला उशी फेकून मारायच्या. पण त्यांना आवडायचं ते सगळं. खूप आवडायचं. वर्गातल्या मुली खिडकीबाहेर बघत असायच्या. इथे अख्खा देश ऐकत होता.

"मशिदीतल्या फकीहांना विचारलंय मी," त्या आता खनाताला म्हणाल्या. "कामासाठी दिवसा जाता येतं."

"जाता येतं गं. पण असं?"

नुहैलाने आवाज खाली आणला. "बाई, परवा अंतिम फेरी. तुम्ही नाही आलात तर त्या जागी एक नटी येतेय. पुढच्या वर्षीही तीच. साहेबांनी सांगून ठेवलंय."

बाईंनी कफ्तान उचलला, उलटा केला, शिवणीवरून अंगठा फिरवला. मग तो घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि आरशासमोर अंगाशी धरून उभ्या राहिल्या. किती हलका होता! खांद्यावर नुसता ठेवला तरी मान ताठ होत होती. त्याखालून आपल्या सुती कपड्याची कड डोकावत होती. पांढऱ्याला पांढरा लागून, आणि तरी दोघांचं जमत नव्हतं.

पहिल्या दिवशी प्रत्येक वर्गाला त्या एकच सांगत आल्या होत्या. कपडा कोणाचा आणि कोणत्या दिवसाचा, ते आधी विचारा. कात्री मग.

बाहेर येऊन त्यांनी कफ्तानाच्या बाह्या आत दुमडल्या आणि झोपलेलं मूल ठेवावं तसा तो खोक्यात ठेवला.

"काम सुरेख आहे. शिवणाऱ्याला सांग हं. पण याचा दिवस माझा नाही."

"मग आहात तशाच या ना, बाई! थांबा, मी साहेबांना विचारते." नुहैलाने लगेच फोन लावून सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"बाई, दुखवट्याचे कपडे? अंतिम फेरीत?" हिशामचा आवाज आला. "लोक रडायला लागतील हो."

"रडू देत की थोडं. मीही रडतेच."

"नाही जमणार, बाई. खरंच."

"मग माझंही नाही जमणार, बाळा."

नुहैला डोळे पुसत खोकं घेऊन गेली. इतका वेळ भांडणारी खनाता उठली आणि न विचारता बाईंच्या चहात तीन खडे साखर टाकून आली.

अंतिम फेरी दोघींनी घरीच पाहिली. समोर बसून तो कार्यक्रम बघायची बाईंची पहिलीच वेळ. नटीने एका मुलीच्या कफ्तानाला हात लावला आणि "अप्रतिम!" म्हणाली.

"हिला काय कळतंय?" खनाता फणकारली.

"दात मात्र छान आहेत तिचे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी हात लांबवून आवाज बंद केला.

इद्दत संपली त्या सकाळी रिवाजाप्रमाणे त्या मोहल्ल्यातल्या बायकांच्या हमामला न्हायला गेल्या. पांढरे कपडे बाहेरच्या खुंटीवर राहिले. आत वाफेत सगळ्या सारख्याच, ओल्या आणि उघड्या. शेजारच्या अनोळखी बाईने खरखरीत हातमोजा पुढे केला.

"मावशी, पाठ घासता का जरा? मग मी तुमची घासते."

बाई घासू लागल्या. ती बाई बडबडी होती. पोरं, सासू, महागाई करत करत टीव्हीवर आली. "त्या कफ्तानच्या कार्यक्रमात आता मजा नाही राहिली. ती खडूस म्हातारी होती ना, गेली सोडून. डोक्यात हवा गेली म्हणे. टीव्हीवाल्यांनी घरापर्यंत कपडे पाठवले, तर हिला पसंतच पडेनात!"

"असं का?"

"तर काय! मी तिच्यासाठीच बघायचे हो. तुम्ही बघायचात का?"

बाईंचा हात जरा थांबला.

"एकदाच बघितला," त्या म्हणाल्या. "शेवटचा."

मग त्यांनी बादलीतून गरम पाणी घेऊन त्या पाठीवर सावकाश ओतलं.

"हात वर कर गं. इथे राहिलंय."