दंडावरचा चुडा

बिजलीबाई मेली तवा तांड्यातल्या साऱ्या बाया एकच बोलल्या, नशीबवान, चुड्यात गेली. म्हंजे नवरा जिता असताना गेली. मले असा राग आला म्हनून सांगू! डोक्याची नस फुटून माही सख्खी जाऊ गेली, अन् ह्या तिचं कौतुक करून राह्यल्या.

दिग्रसकडून समीक्षा नर्सबाई दरसाल येते. तिशीच्या वरच्या साऱ्याईचं बीपी पाहाचं, असा सरकारचा नियम हाय. मानसाईचं पाह्यते, सुनाईचं पाह्यते. आमी जुन्या बंजारा बाया मात्र कोपरापासून खांद्यालोक चुडा घालतो, त्याच्यावर तिचा पट्टा बसत नाही. अन् चुडा उतरते तो नवरा मेल्यावरच. मंग बाई म्हने, "राहू द्या आजी," अन् आमी बी खूश. बिजलीचं बीपी असंच कधी पाह्यलं गेलं नाही.

यंदा माहं डोकं ठनकाले लागलं, डोळ्यापुढं अंधारी येये. नर्सबाई समाजमंदिरात येऊन बसली, तशी मी दंडाले साबन लावलं अन् बुढ्यासमोर हात केला. "ओढा," म्हनलं.

आमचा बुढा भेकड मानूस. म्हने, "अन् मी मेलो त?"

"मेले त रडीन मी. पन मी मेली त तुमाले भाकर कोन टाकून देईन? बिजलीचा नवरा पाहा, सुनेच्या तोंडाकडे पाह्यत बसते."

बुढा ओढाले लागला. "दुखते काय?" इचारे अन् पुन्हा ओढे. चामडी सोलली, पन उतरवला चुडा.

उघड्या दंडानं मी तांड्यातून चालत गेली. बुढा चुडा दुपट्ट्यात धरून मांगं मांगं. समाजमंदिराच्या दारातच नायकीन आडवी आली, आमच्या नाईकाची बायको. "रुपीबाई, नवरा जिता असून हे काय सोंग? त्याचं मरन मांगतं काय?"

"त्याचं मरन कायले मांगू? मले जगाचं हाय. सरक बाजूले."

समीक्षानं पट्टा बांधला, पाह्यलं, अन् थांबून पुन्हा बांधला. पोरीचा चेहराच उतरला. "आजी, दोनशेच्या वर आहे. आजच दवाखान्यात चला. गोळी आजपासूनच सुरू करावी लागेल, आणि दर महिन्याला मोजावं लागेल."

नायकीन मांगून बोलली, "झालं ना पाहून? घाल आता चुडा."

मी बुढ्याकडे पाह्यलं. त्यानं दुपट्ट्यातला चुडा छातीशी धरला. "नाही घालाचा," तो म्हनला. "दर महिन्याले पट्टा बांधाचा हाय तिले."

उभ्या जन्मात त्यानं नायकिनीपुढं तोंड उघडलं नोतं. मले लय बरं वाटलं.

गाडी बोलावली. बुढा बाहेर गेला, तशी नायकीन माह्याजवळ सरकली. पदर सारखा करत हळूच इचारलं, "रुपी, उतरवताना लय दुखते काय ओ?"

"दुखते," मी म्हनलं. "बस खाली, हात दे."