बोटभर कमी

कोरपन्याच्या घरी दाराच्या चौकटीवर ओढलेली पेन्सिलची रेघ आणि सिंगापूरच्या हॉटेलातल्या भिंतीवरचं माप यांत बोटभर फरक पडला, तेव्हा रंजीताला आधी टेपचाच संशय आला. पण टेप तोच होता, घरून पर्समध्ये टाकून आणलेला.

"पुन्हा उभा राह्य. टाचा टेकव," ती सुजातला म्हणाली.

पाच वर्षांच्या सुजातने टाचा भिंतीला टेकवल्या. झोपायच्या लांब पायजम्यात त्याचे पाय पार बुडून गेले होते. रंजीताने त्याच्या डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरलं, पेन्सिलने खूण केली, मोजलं. एकशे चारच्याही थोडं खाली.

ड्रॅगनच्या गाडीत बसायला एकशे पाच सेंटिमीटर लागत होते. निघायच्या दिवशी सकाळी घरी मोजलं, तेव्हा सुजात त्याहून दोरीभर जास्तच भरला होता.

"मोजण्यात चूक झाली असन," पलंगावरून राजदीप म्हणाला. "झोप आता."

"मोजणारी मीच आहो, टेप बी तोच हाये. चूक कुठून येईन?"

रंजीता कोरपन्याच्या ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. राजदीपचं सिमेंटचं दुकान होतं, आणि यंदा भरपूर माल विकला म्हणून कंपनीने जिल्ह्यातल्या दुकानदारांना बायकापोरांसकट तीन दिवस सिंगापूर दाखवायला आणलं होतं. कुठे जेवायचं, कुठली बस, कुठला रंग अंगात घालायचा, सगळं कंपनीने ठरवलेलं. रंजीताने स्वतः ठरवलेली गोष्ट एकच होती. थीम पार्कातल्या ड्रॅगनच्या गाडीत आठ वर्षांची खुशबू आणि सुजात शेजारी शेजारी बसणार. त्यासाठी दोन्ही लेकरांनी उन्हाळाभर गोदामातल्या पोत्यांवर एकामागे एक बसून किंचाळायचा सराव केला होता. खुशबूने तर वर्गात सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

आत्ताही खुशबू मोबाईलवर त्याच गाडीचा व्हिडिओ लावून बसली होती. गाडी वर चढत गेली, टोकाला थांबली आणि माणसांसकट उलटी झाली. सुजात मान वाकडी करून बघत राहिला.

रंजीताच्या डोक्यात मात्र पाठीचा कणा होता. मणक्यांच्या मधल्या चकत्या दिवसभर चालून-बसून दाबल्या जातात, रात्री आडवं झालं की पुन्हा फुगतात. म्हणजे माणूस सकाळी उंच आणि संध्याकाळी बुटका. घरी तिने सुजातला झोपेतून उठल्या उठल्या मोजलं होतं. आत्ता मोजलं ते अख्खा दिवस विमानतळ आणि बसमध्ये काढल्यावर. चूक तिचीच होती, पण चुकीला कारण सापडलं होतं आणि कारण सापडलं की इलाजही सापडतो. उद्या पार्क उघडल्या उघडल्या थेट ड्रॅगनकडे जायचं.

सकाळी ती लेकरांना घेऊन सगळ्यांच्या आधी बसमध्ये बसली. बस मात्र हलेना. जिवतीकडचे दुकानदार नानाजीभाऊ आणि त्यांची बायको अंजनाबाई यायचे होते.

"खोलीत भात लावला हाये त्यायनं," कंपनीचा माणूस विनोद सांगत आला. "वाफ आली की येऊन राह्यले."

"भात? आता?"

"कालचं जेवण फिक्कं होतं म्हणे, मॅडम."

भात आला, डब्यात बसला, बस सुटली. पार्कच्या दारात विनोदने पिशवीतून पिवळा बॅनर काढला. 'पाया पक्का, तर पिढ्या पक्क्या'. या बॅनरमागे सगळ्यांचा फोटो कंपनीला गेल्याशिवाय कोणी आत जायचं नव्हतं. पहिल्या फोटोत वाऱ्याने बॅनर दुमडला. दुसऱ्यात नानाजीभाऊ अगदी कडेला आले, ते त्यांना चालेना. मग पहारेकऱ्याने सगळ्यांना दारासमोरून हटवलं, आणि हटवलेल्या जागी नेमकं ऊन तोंडावर आलं. त्यानंतर विनोदला आठवलं की व्हिडिओही पाठवायचा आहे. सगळ्यांनी घोषणा एका आवाजात द्यायची होती. ती एका आवाजात येता येत नव्हती.

सुजात उभाच होता. रंजीताला त्याच्या मणक्यांमधली एकेक चकती दिसत होती.

"आमी पुढं होतो नं," ती राजदीपला म्हणाली.

"पाच मिनिटं वं. बरं दिसत नाई."

ती पाच मिनिटं फार लांबली. आत गेल्यावर खुशबूला शू लागली, मग अंजनाबाईंना लागली, मग बाहेर येताना अंजनाबाई चुकल्या आणि सगळ्यांनी त्यांना शोधलं. ड्रॅगन दिसला तेव्हा दुपार झाली होती.

रांगेच्या तोंडाशी रंगीत पट्ट्यांचा खांब होता. रंजीताने सुजातला खांबाजवळही नेलं नाही. ती विनोदकडे वळली.

"विनोदभाऊ, तो बॅनर द्या."

"मॅडम, कंपनीचा आहे तो."

"द्या म्हणते ना!"

झाडाखाली बॅनर अंथरून तिने सुजातला त्यावर उताणा झोपवलं. डोकं 'पाया'वर, पाय 'पक्क्या'वर. "हलायचं नाई," तिने बजावलं.

अंजनाबाई धावत आल्या. "काऊन वं मास्तरीनबाई, पोट्ट्याले ऊन लागलं का?"

"नाई, बाई. उंची वाढवून राह्यली त्याची."

तिने चकत्यांचं सगळं सांगितलं. नानाजीभाऊंनी लक्ष देऊन ऐकलं आणि चपला काढल्या. "सरक रे बाबू, मीबी झोपतो. लग्नात मी हिच्याहून उंच होतो."

"कधी होते?" अंजनाबाई म्हणाल्या. मग सुजातकडे वाकल्या. "पाय ओढू का याचे जरासे?"

"ओढून काई होत नाई!" रंजीता ओरडलीच.

"मम्मी, लाइन वाढून राह्यली," खुशबू रडकुंडीला आली होती.

"लोकं पाहून राह्यले," राजदीप दबक्या आवाजात म्हणाला.

"पाहू द्या. तुमच्या फोटोपायी ही वेळ आली."

"माह्या फोटोपायी? मी सिमेंट विकलं म्हणून तं आलो आपण इथी!"

रंजीताने बॅनरची दुमडलेली कड सरळ केली. सुजात आभाळाकडे बघत पडून होता. मधूनच वरून गाडी जायची आणि त्याचे डोळे घट्ट मिटायचे. ऊन असेल, असं तिला वाटलं.

रांग जरा आखूड झाली, तसं राजदीपने त्याला दोन्ही हातांवर आडवाच उचलला आणि सागाचा ओंडका न्यावा तसा खांबापर्यंत नेला. मागून सगळे पिवळे टीशर्ट आले.

तिथल्या मुलीने हसून सुजातला खांबाला टेकवलं आणि वरची आडवी पट्टी ओढली. पट्टी त्याच्या केसांवरून मोकळी निघून गेली. बोटभर अंतर होतं. तिने मान हलवली.

"अरे मॅडम, आधी उंगली तो है!" नानाजीभाऊ पुढे झाले. "बैठे-बैठे बढ़ जाएगा बच्चा!"

रंजीता टाचा बघायला खाली वाकली. टाचा टेकलेल्या होत्या. मग तिची नजर वर गेली. आज सुजातच्या अंगात अर्धी चड्डी होती, आणि चड्डीखाली त्याचे दोन्ही गुडघे किंचित पुढे आलेले होते. श्वास रोखून तो समोर बघत होता. मांड्या थरथरत होत्या.

तिला रात्रीचा लांब पायजमा आठवला.

"सुजात, गुडघे..." तिने तोंड उघडलं. सुजातची नजर तिच्याकडे वळली. मम्मीला दिसलं, हे त्याला कळलं होतं. गुडघे मात्र तसेच राहिले.

"काय झालं?" राजदीपने विचारलं.

एका शब्दाचं काम होतं. उन्हाळाभराचा सराव, सकाळपासूनचा संताप, सगळं त्या एका शब्दाने सुटणार होतं.

"नाई बसत मापात," रंजीता म्हणाली. "तुमी खुशबूले घेऊन जा."

"मी दोनदा किंचाळीन, सुजात," खुशबू जाता जाता ओरडली. "एक तुह्यासाठी!"

रंजीताने सुजातचा हात धरून त्याला बाजूला आणलं. हात जरा जास्तच जोरात धरला होता.

"कालपासून गुडघे वाकवून राह्यला?"

"ते गाडी उलटी होते, मम्मी."

"मंग सांगता नाई आलं? सकाळपासून जीव काढला माहा!"

"सांगतलं असतं तं तू अजून झोपवलं असतं."

तिला त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला. घातला नाही. बॅनर गुंडाळायला घेतला, तर त्यावर कोणाच्या तरी डब्यातला भात सांडलेला होता.

पलीकडे पाण्यात लाकडी बदकं गोल गोल फिरत होती. तिथेही तसाच रंगीत पट्ट्यांचा खांब होता. सुजात आपणहून धावत जाऊन खांबाला टेकला, बाणासारखा सरळ. "पाह्य मम्मी!"

रंजीताने पाहिलं. त्याचं डोकं एकशे पाचच्या पट्टीच्या वर होतं. आडवं झोपवल्याने किती वाढलं आणि गुडघ्यांमुळे किती कमी भरलं होतं, हे आता कधीच सांगता येणार नव्हतं. प्रयोगशाळेत एखाद्या पोराने असे दोन बदल एकदम केले असते, तर तिने त्याचे मार्क कापले असते.

वर ड्रॅगन उलटा झाला. एक किंकाळी आली आणि तिच्या पाठोपाठ मुद्दाम मारलेली दुसरी.

"ते माही होती," सुजात खूश होऊन म्हणाला.

"हो. उभा राह्य तसाच," रंजीता म्हणाली आणि तिने पर्समधून टेप काढला.

टेप बघताच सुजातने गुडघे वाकवले.