माझ्या नावावर एकशेवीस-ऐंशी

मित्रांनो, माझ्या कडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली आहे. तिच्यावर लाल शाईने लिहिलं आहे, ‘नादुरुस्त’. ते साफ खोटं आहे. मी एक जुनी बीपीची पेटी आहे, पण जुनी म्हणजे बिघडलेली नव्हे. माझी कहाणी ऐका आणि मग तुम्हीच ठरवा, नादुरुस्त कोण आहे ते.

माझ्या झाकणात काचेची नळी आहे आणि नळीत पारा. दंडाला पट्टा बांधून रबरी फुगा दाबला की पारा वर चढतो. मग हवा हळूहळू सोडायची आणि कानात नळ्या घालून कोपराच्या खोबणीतले ठोके ऐकायचे. पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, ठोके थांबतात तो खालचा. धडधाकट माणसाचे हे आकडे साधारण एकशेवीस आणि ऐंशी. एवढं लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ याच दोन आकड्यांनी केला आहे.

माझी पहिली एकवीस वर्षं एका दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात गेली. तिथल्या प्रयागबाई सिस्टर मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या. शिकाऊ मुलीने ठोके न ऐकताच आकडा सांगितला, की त्यांना ते बरोबर कळायचं. त्या म्हणायच्या, “ऐकू आलं न्हाय तर न्हाय म्हण. आकडा काय आपल्या घरचा हाय व्हय?” आणि तिला पुन्हा पट्टा बांधायला लावायच्या. माझ्यावर विश्वास ठेवून त्या वॉर्डात किती बायका सुखरूप बाळंत झाल्या असतील! आठवण आली की आजही बरं वाटतं.

पुढे सेलवर चालणारी मशीनं आली, प्रयागबाई निवृत्त झाल्या आणि मला बारामतीजवळच्या एका नर्सिंग कॉलेजला देऊन टाकलं. मी खूश होते. वाटलं, आता पोरं माझ्याकडून शिकतील.

शिकतील कसली! वर्गात साठ जण आणि आम्ही पेट्या तीन. प्रॅक्टिकलला रांग लागायची, डब्याची वेळ जवळ आलेली असायची. सुकन्या मॅडम विचारायच्या, “आलं ऐकू?” की प्रत्येकजण मान हलवायचा. “हो मॅडम, एकशेवीस-ऐंशी.” पुढचा. “एकशेवीस-ऐंशी.” पुढचा. अहो, कित्येकांनी तर नळ्या कानात उलट्या घातलेल्या असायच्या! त्या साठांत कळंबची रेश्मा एकटी म्हणाली, “मॅडम, मला न्हाय ऐकू आलं.” वर्ग खो-खो हसला. मॅडमही हसल्या. “बहिरी आहेस का गं? चल, पुढची.”

रेश्माने मनाला लावून घेतलं, पण हट्ट सोडला नाही. संध्याकाळी ती मला घेऊन गेटवरच्या वॉचमनकडे जायची, मेसमधल्या मावशींकडे जायची. बिचाऱ्यांचे दंड पट्ट्याने लाल झाले. महिन्याभराने तिला पहिला ठोका ऐकू आला, तेव्हा ती एवढ्या मोठ्याने ओरडली की मावशींच्या हातातलं लाटणं पडलं.

मग आली गावातली ड्यूटी. दोघींची एक जोडी, जोडीला पाच घरं, प्रत्येक घराला तीन भेटी. भेटीत जे पाहिलं ते फाईलमध्ये लिहायचं आणि फाईलला मार्क. रेश्माच्या जोडीला होती स्वरूपा, वर्गात पहिली येणारी. अक्षर मोत्यासारखं, फाईलला रंगीत किनार. ड्यूटीचं गाव कन्हेरी. तिथे एसटीतून उतरलं की रेश्मा मला घेऊन घरोघर निघायची आणि स्वरूपा दूध डेअरीच्या कट्ट्यावर बसायची आणि तिथूनच पाच घरांच्या भेटी लिहून काढायची. म्हातारा असो, पैलवान असो, पोटुशी असो, सगळ्यांचं एकशेवीस-ऐंशी. वेशीवरच्या म्हसोबाला पट्टा बांधला असता तर त्याचंही तिने तेवढंच लिहिलं असतं. आणि हे सगळं माझ्या नावावर! माझी कडीसुद्धा तिने कधी उघडलेली नसायची. संताप येणार नाही तर काय?

त्या पाच घरांत सारजाबाईंचं घर होतं. एके काळी त्यांची मेंढरं होती, आता मुलगा एमआयडीसीत कामाला जातो. त्यांची सून स्वप्नाली सात महिन्यांची गरोदर. त्या घरी मात्र स्वरूपालाही जावं लागलं, कारण सारजाबाईंनी दोघींना रस्त्यातूनच चहाला ओढून नेलं. रेश्माने स्वप्नालीच्या दंडाला पट्टा बांधला. पण टीव्ही मोठ्याने चाललेला, दारात ट्रॅक्टर धडधडत उभा. ठोके काही लागेनात. दोनदा झालं, तीनदा झालं. स्वरूपा कप खाली ठेवत म्हणाली, “अगं, चांगली तर दिसतीय. मावशी, समदं बराबर हाय बरं का.” तिने एकशेवीस-ऐंशी लिहिलं. रेश्माने लिहिलं, ‘ऐकू आलं नाही. परत घेणे.’

त्याच संध्याकाळी फायली तपासताना मॅडमनी स्वरूपाच्या पानावर ‘छान’ लिहून सही केली. रेश्माच्या वाक्याभोवती लाल गोल काढला. “असं लिहितात का फाईलमध्ये? कॉलेजच्या तपासणीला येणारे लोक काय म्हणतील?” दोन मार्क कापले. मित्रांनो, त्या साऱ्या गठ्ठ्यात माझ्याबद्दलचं खरं वाक्य ते एकच होतं, आणि मार्क त्याचेच गेले!

पण लिहिलं होतं म्हणून रेश्मा दुसऱ्या दिवशी परत गेली. टीव्ही बंद करायला लावला, स्वप्नालीला दहा मिनिटं स्वस्थ बसवलं आणि ठोके ऐकले. एकशेसत्तर आणि एकशेदहा. तिने डोळे पुसले, पुन्हा पट्टा बांधला. तेवढंच. स्वप्नाली म्हणाली, “डोकं लई दुखतंय, ताई. आन् पायात चप्पल बसंना झालीय.”

सारजाबाई हसल्या. “पैल्या खेपंला असतंय तसं. आन् कालच्या पोरीनं सांगितलंय की, समदं बराबर हाय म्हणून.”

पाहिलंत, खोटा आकडा कुठे जाऊन बसतो ते? तो फाईलमध्ये राहत नाही. तो घरातल्या माणसांच्या मनात जाऊन बसतो.

रेश्माने मॅडमना फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, “स्वरूपाचं एकशेवीस-ऐंशी आहे. तुला आधीच ऐकू येत नाही. आणि ती पेटी जुनी आहे, बिघडली असेल. परत ये तू.” रेश्माने माझं झाकण उघडून नळीकडे पाहिलं. पारा शून्यावर होता, जिथे असायला हवा तिथेच. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, “मावशी, मी चुकले असंन तर मला शिव्या घाला. पर आत्ता उठा.”

उपकेंद्रातल्या सिस्टरांनी त्यांच्या मशीनवर मोजलं, तर आकडे माझ्यासारखेच निघाले. त्यांनी लगेच गाडी बोलावून स्वप्नालीला बारामतीला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन दिवस गेले असते तर झटके आले असते, आई आणि बाळ दोघंही गेली असती. औषधांवर अकरा दिवस काढून आठव्या महिन्यात बाळ काढावं लागलं. मुलगी झाली. ती एकवीस दिवस काचेच्या पेटीत होती.

आणि इकडे कॉलेजात काय झालं? चौकशी झाली. पेटी खरी धरली तर स्वरूपाची फाईल खोटी ठरत होती, आणि त्या फाईलवर मॅडमची सही होती. म्हणून पेटीच नादुरुस्त ठरली. मला चिठ्ठी बांधून वर्गातल्या कपाटाच्या खालच्या खणात ढकललं. आणखी ऐका. स्वप्नाली दवाखान्यात सलाईन लावून पडली होती, त्याच तारखेला स्वरूपाच्या फाईलमध्ये तिसरी भेट आहे. ‘माता आनंदी. रक्तदाब १२०/८०.’ खाली पुन्हा सही.

तीन महिन्यांनी सारजाबाई नातीला घेऊन कॉलेजात आल्या, पेढ्यांचा पुडा घेऊन. मी खणाच्या फटीतून सगळं पाहत होते. “कन्हेरीला यायची ती पोरगी कुठं हाय?” असं त्यांनी विचारताच मॅडमनी कौतुकाने स्वरूपाला पुढे केलं. सारजाबाईंनी तिला वरखाली पाहिलं.

“ही न्हवं. हिनं आमच्यात च्या पिला. ती दुसरी बोलवा, जिला ऐकू आलं न्हाय ती.”

वर्गात कुणी हसलं नाही. रेश्मा मागच्या बाकावरून उठली आणि सारजाबाईंनी नात तिच्या ओंजळीत ठेवली.  त्या क्षणी मॅडमचा आकडा एकशेवीस-ऐंशी नव्हता, हे मी पट्टा न बांधता सांगते.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी नर्स होईल, कुणी डॉक्टर. मला जपा, पुसून ठेवा, असं मी म्हणत नाही. मला फक्त उघडा. टीव्ही बंद करा, कान लावा. आणि नाहीच ऐकू आलं, तर तसं लिहा आणि परत जा. दोन मार्क जातील, जाऊ द्या. त्या दोन मार्कांच्या बदल्यात कन्हेरीत एक पोरगी आता पालथी पडायला लागली आहे.

माझी चिठ्ठी अजून कुणी सोडलेली नाही.